‘किती वाजता घेतल्या?’

रात्रीचे साडेअकरा. कॅज्युअल्टीच्या दारात रिक्षा थांबते. आतून आई उतरते, तिच्या मागून सतरा-अठरा वर्षांची मुलगी आणि शेवटी मामा. मामांच्या हातात गोळ्यांची रिकामी पाकिटे आहेत. मुलीला कुणी उचलून आणलेले नाही. ती स्वतःच्या पायांनी चालत येते, नाव विचारले तर सांगते, नाडी नीट, रक्तदाब नीट. वाटेत एकदा उलटी झाली आहे, एवढेच. आई रडते आहे. मामा मात्र थोडे सावरलेले. ते म्हणतात, ‘‘डॉक्टर, तापाच्याच गोळ्या होत्या. उलटीतून पडून गेल्या असतील. आता बरी दिसतेय. एखादं इंजेक्शन देऊन घरी नेऊ का? सकाळी पुन्हा आणतो.’’

हे दृश्य एका ठरावीक रुग्णालयातले नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही सिव्हिलमध्ये वा मोठ्या खासगी रुग्णालयात रात्रपाळी केलेल्या डॉक्टरने ते पाहिलेले असते. कधी मुलीच्या जागी परीक्षेचा निकाल लागलेला मुलगा असतो, कधी नवऱ्याशी भांडण झालेली बाई, कधी पाच दिवस ताप न उतरल्याने चार वेगवेगळी औषधे एकदम खात राहिलेले आजोबा. पण मामांचा तो प्रश्न बहुतेक वेळा येतोच. आणि औषधाच्या विषबाधेत सर्वांत धोकादायक क्षण तोच असतो. रुग्ण बरा दिसतो आहे, घरच्यांना तो घरी न्यायचा आहे आणि गर्दीने थकलेल्या डॉक्टरलाही क्षणभर वाटते की जाऊ द्यावे.

नातेवाईक सांगतात, ‘इतक्या गोळ्या घेतल्या.’ डॉक्टर उलटून विचारतात, ‘किती वाजता घेतल्या?’ लोकांना हा प्रश्न पोलिसी वाटतो. तो तसा नाही. पॅरासिटामॉलच्या बाबतीत तर सगळे उपचार या एका उत्तराभोवती फिरतात.

आई म्हणाली, ‘‘तासाभरापूर्वी.’’ नर्सने पडदा ओढला, आई आणि मामांना बाहेरच्या बाकावर बसवले. मग डॉक्टरने हळू आवाजात मुलीला विचारले, ‘‘बाळ, मी रागावणार नाही. खरी वेळ सांग, औषध त्यावरून ठरतं.’’ ती म्हणाली, ‘‘पाच वाजता. आई कामावरून यायच्या आधी.’’

म्हणजे साडेसहा तास होऊन गेले होते.

पॅरासिटामॉल हे तसे सालस औषध. घरोघरी असते, योग्य मात्रेत पोटाला त्रास देत नाही, लहान मुलांना चालते, गरोदर स्त्रियांनाही डॉक्टर तेच देतात. ते आपल्या यकृतात जाते आणि तिथे त्याचा बहुतांश भाग निरुपद्रवी पदार्थांत बदलून लघवीवाटे निघून जातो. थोडा भाग मात्र वेगळ्या वाटेने जातो आणि त्यातून एक अतिशय जहाल रसायन तयार होते. त्याचे लांबलचक नाव आखडून डॉक्टर त्याला ‘नॅपकी’ म्हणतात. नेहमीच्या एक-दोन गोळ्यांत नॅपकी इतके कमी तयार होते की यकृतातले ग्लुटाथायोन नावाचे द्रव्य त्याला तिथल्या तिथे पकडून निष्प्रभ करते. आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

अडचण होते ती ग्लुटाथायोनचा साठा मर्यादित असल्यामुळे. एकदम खूप गोळ्या पोटात गेल्या की नेहमीची वाट तुंबते, जास्त औषध त्या दुसऱ्या वाटेने जाते, नॅपकीचा लोंढा येतो आणि ग्लुटाथायोनचे कोठार रिकामे होऊ लागते. सुमारे ७० टक्के साठा संपला की नॅपकी मोकळे सुटते आणि यकृताच्या पेशींनाच चिकटते. पेशी मरू लागतात.

हे सगळे होत असताना रुग्णाला काय जाणवते? पहिल्या दिवशी फारसे काहीच नाही. मळमळ, उलटी, थोडा घाम, कधी तेही नाही. शुद्ध हरपत नाही, श्वास अडत नाही. दुसऱ्या दिवशी मळमळसुद्धा थांबते आणि घरच्यांना वाटते, संकट टळले. त्याच सुमारास उजव्या बरगडीखाली दुखू लागते, रक्तातली यकृताची एन्झाइम वाढू लागतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे पिवळे, रक्त गोठण्याची क्रिया बिघडलेली, बोलण्यात गोंधळ, कधी मूत्रपिंडही थकलेले. तेव्हा रुग्ण पुन्हा रुग्णालयात येतो तो थेट अतिदक्षता विभागात. झोपेच्या गोळ्या घेतलेला माणूस निपचित पडतो म्हणून सगळे धावतात. पॅरासिटामॉल घेतलेला माणूस चहा पितो, बोलतो, झोपतो. म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होते.

वैद्यकशास्त्रालाही हे उशिरा कळले. पॅरासिटामॉल रुग्णांना पहिल्यांदा दिले गेले ते १८९३ मध्ये. मग ते जवळजवळ विसरले गेले. १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये ते बाजारात आले आणि ॲस्पिरिनला सौम्य पर्याय म्हणून झपाट्याने पसरले. त्याच्या अतिमात्रेने यकृत निकामी होते, याची नोंद ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली ती १९६६ साली. ते का होते, हे आणखी सात वर्षांनी अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवले. ग्लुटाथायोन संपले की यकृत मरते, आणि ग्लुटाथायोन बनवायचा कच्चा माल पुरवला तर वाचते, असा त्याचा सारांश. १९७३ हे ते साल.

मग प्रश्न आला, हा कच्चा माल माणसाला द्यायचा कसा? ग्लुटाथायोनच टोचावे तर ते यकृताच्या पेशींत नीट शिरत नाही. स्कॉटलंडमध्ये एडिंबरा इथे लॉरी प्रेस्कॉट आणि त्यांचे सहकारी या प्रश्नाच्या मागे लागले होते. त्यांनी आधी सिस्टियामीन नावाचे औषध वापरले. यकृत वाचले, पण रुग्णांना उलट्या, गुंगी यांचा इतका त्रास झाला की ते औषध मागे पडले. त्यानंतर त्यांनी हात घातला तो एन-ॲसिटिलसिस्टीन या औषधाला. डॉक्टरी बोलीत ‘नॅक’. आता गंमत अशी की हे औषध तेव्हाही कपाटात होतेच, पण खोकल्यासाठी. छातीतला घट्ट कफ पातळ करायला ते वापरत, आजही वापरतात. पाण्यात फसफसणाऱ्या त्याच्या गोळ्या आपल्याकडे औषधाच्या दुकानात मिळतात. कफ पातळ करणारे हेच द्रव्य यकृतात जाऊन ग्लुटाथायोनचे कोठार पुन्हा भरते. १९७९ मध्ये प्रेस्कॉट यांनी शिरेतून दिलेल्या नॅकचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर हाच पहिल्या पसंतीचा उपचार ठरला.

त्या अभ्यासांतून एक आकडा वर आला, आठ. गोळ्या घेतल्यापासून आठ तासांच्या आत नॅक सुरू झाले तर जवळजवळ प्रत्येक यकृत वाचते. दुसऱ्या तासाला सुरू केले काय किंवा सातव्या तासाला, फरक पडत नाही. आठ तासांनंतर मात्र प्रत्येक तासागणिक संरक्षण कमी होत जाते. १९८८ मध्ये अमेरिकेत अडीच हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही हेच दिसले.

म्हणून ती मुलगी ‘पाच वाजता’ म्हणाली तेव्हा डॉक्टरने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. रात्री एक वाजता आठ तास पूर्ण होणार होते. हातात दीड तास होता. आईचा ‘तासाभरापूर्वी’ खरा धरला असता, तर नियमाप्रमाणे अजून तीन तास थांबून रक्त काढायचे, मग अहवालाची वाट पाहायची, असे करत ती वेळ सहज निघून गेली असती.

तीन तास थांबायचे ते का? रक्तातली पॅरासिटामॉलची पातळी मोजून धोका ठरवण्यासाठी १९७५ मध्ये रुमॅक आणि मॅथ्यू या दोघांनी एक आलेख तयार केला. आडव्या रेषेवर गोळ्या घेतल्यापासूनचे तास, उभ्या रेषेवर रक्तातली पातळी. रुग्णाचा बिंदू तिरक्या रेषेच्या वर पडला तर नॅक द्यायचे, खाली पडला तर गरज नाही. जगभरच्या इमर्जन्सी विभागांत हा आलेख आजही भिंतीवर चिकटवलेला सापडतो. पण तो सुरूच होतो चौथ्या तासापासून. त्याआधी औषध पोटातून रक्तात उतरत असते, पातळीचा भरवसा धरता येत नाही. शिवाय सगळ्या गोळ्या एकाच वेळी घेतल्या असतील आणि वेळ खात्रीची असेल, तरच तो लागू पडतो. दोन दिवस थोड्या थोड्या घेतल्या असतील तर तो आलेख निरुपयोगी.

आपल्याकडची अडचण त्याहून साधी. अनेक रुग्णालयांत ही पातळी मोजायची सोयच रात्री नसते. मग डॉक्टर काय करतात? गोळ्यांची पाकिटे मोजतात, वजन विचारतात, वेळ विचारतात आणि संशय असेल तर नॅक सुरू करतात. हे योग्यच आहे. नॅक ही काही दुर्मीळ वस्तू नाही. देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. गरज नसताना दिले गेले तरी नुकसान सहसा किरकोळ. गरज असताना न दिले गेले तर यकृत जाते.

नॅक सलाइनमधून देतात. नेहमीच्या पद्धतीत तीन टप्पे असतात. पहिला मोठा डोस साधारण तासाभरात, दुसरा चार तासांत, तिसरा सोळा तासांत. एकूण २१ तास. पहिल्या टप्प्यात काहींच्या अंगावर पित्त उठल्यासारख्या गांधी येतात, खाज सुटते, दम्याच्या रुग्णाची छाती भरते. हे पाहून नातेवाईक घाबरतात, ‘रिॲक्शन आली, बंद करा’ म्हणतात. सलाइन थोडा वेळ थांबवून, ॲलर्जीचे औषध देऊन, मग हळू गतीने पुन्हा सुरू करायचे असते. कायमचे बंद करायचे नसते. गेल्या दहा-बारा वर्षांत कमी वेळाच्या, कमी त्रासाच्या पद्धतीही आल्या आहेत. १२ तासांच्या एका पद्धतीचा अभ्यास २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला.

आणि उशिरा आलेल्यांचे काय? त्यांनाही नॅक देतातच. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात यकृत निकामी झालेल्या ५० रुग्णांपैकी निम्म्यांना नॅक दिले गेले. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात नॅक मिळालेल्यांपैकी ४८ टक्के वाचले, न मिळालेल्यांपैकी २० टक्के. काहींना यकृत प्रत्यारोपणाशिवाय गत्यंतर नसते. जे त्यातून वाचतात त्यांचे यकृत मात्र बहुधा पुन्हा पूर्ववत होते. हा अवयव भलताच चिवट आहे.

आता पोट धुण्याबद्दल. ‘पोट धुतलं का?’ हा नातेवाइकांचा ठरलेला प्रश्न. पोट धुतले म्हणजे विष गेले, अशी समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की न धुतल्यास डॉक्टरने हयगय केली असे वाटते. प्रत्यक्षात नळी घालून पोट धुण्याने बाहेर येणारे औषध बेभरवशाचे असते, आणि तासभर उलटून गेला असेल तर जवळजवळ नगण्य. उलट गुंगीतल्या रुग्णाच्या फुप्फुसात पाणी जाण्याचा धोका खरा. म्हणूनच अमेरिका आणि युरोपातल्या विषविज्ञान संघटनांनी १९९७ मध्येच सांगितले की प्रत्येक विषबाधेत सरसकट पोट धुऊ नये. अगदी थोड्या वेळापूर्वी जिवावर बेतेल असे काही घेतले असेल, तरच त्याचा विचार.

घरगुती उपायांची यादी तर मोठी आहे. मिठाचे पाणी, साबणाचे पाणी, तूप, दूध, चिंचेचे पाणी, घशात बोटे घालणे. यातले मिठाचे पाणी सर्वांत वाईट. त्याने रक्तातले सोडियम एकदम वाढते आणि मेंदूला इजा होते. औषधाने जे झाले नसते ते मिठाने होते. उलटी करवण्याच्या नादात अर्धवट शुद्धीतल्या माणसाची उलटी श्वासनलिकेत जाते. काहीही पाजू नये, उलटी करवू नये. गुंगी असेल तर कुशीवर वळवून ठेवावे, १०८ ला फोन करावा आणि पाकिटे, बाटल्या, उलटीत पडलेल्या गोळ्यासुद्धा पिशवीत घालून सोबत न्याव्यात. रिकामे पाकीट डॉक्टरला रक्ताच्या अर्ध्या तपासण्यांइतके उपयोगी पडते.

पोट धुण्यापेक्षा जुना आणि जास्त शहाणा उपाय म्हणजे कोळसा. चुलीतला नव्हे, विशिष्ट प्रक्रिया करून सच्छिद्र केलेला. त्याची काळी पूड पाण्यात कालवून पाजली की पोटातली बरीच औषधे तिला चिकटतात आणि रक्तात न जाता शौचावाटे बाहेर पडतात. एकोणिसाव्या शतकात तुएरी नावाच्या फ्रेंच औषधविक्रेत्याने विद्वानांच्या सभेत कोळशाबरोबर स्ट्रिक्नीनसारखे विष स्वतः गिळून दाखवले आणि तो जिवंत राहिला, अशी हकीकत सांगतात. असले धाडस आज कुणी करू नये आणि कोणतीही समिती त्याला परवानगी देणार नाही. कोळशाचाही उपयोग मुख्यतः पहिल्या तासात. लोह, लिथियम, अल्कोहोल त्याला चिकटत नाहीत. आणि शुद्ध हरपलेल्याला तो पाजायचा नसतो. आपल्या मुलीला साडेसहा तासांनी कोळसा देऊन उपयोग नव्हता. दिला गेलाही नाही.

प्रत्येक औषधाला उतारा असतोच असे नाही. बहुतेकांना नसतो. हे कळायला जगाला डेन्मार्कमधून धडा घ्यावा लागला. १९४० च्या दशकात बार्बिट्युरेट या झोपेच्या गोळ्यांनी युरोपात खूप लोक मरत. ‘झोपलेल्याला जागे करा’ या साध्या तर्काने डॉक्टर त्यांना उत्तेजक इंजेक्शने टोचत, पिक्रोटॉक्सिनसारखी. त्याने झटके येत, हृदय बिथरे आणि तरीही साधारण पाचातला एक दगावे. कोपनहेगनच्या बिस्पेबर्ग रुग्णालयात कार्ल क्लेमेसेन या मनोविकारतज्ज्ञाने १९४९ मध्ये अशा रुग्णांसाठी स्वतंत्र केंद्र उभे केले आणि उत्तेजके बंद केली. त्यांच्याऐवजी भूलतज्ज्ञांच्या पद्धतीने फक्त देखभाल: श्वासाची वाट मोकळी, ऑक्सिजन, गरज पडल्यास कृत्रिम श्वास, रक्तदाब सांभाळणे, सलाइन, दर थोड्या वेळाने कूस बदलणे. औषध शरीर आपणच बाहेर टाकेल, तोवर माणूस जिवंत ठेवायचा. मृत्यूचे प्रमाण वीस टक्क्यांवरून एक-दोन टक्क्यांवर आले. नवे औषध एकही सापडले नव्हते. आजच्या अतिदक्षता विभागांच्या कुळकथेत या केंद्राचा वाटा मोठा आहे.

आजही कॅज्युअल्टीत पहिली पाच मिनिटे याच वळणाने जातात. श्वास, नाडी, रक्तदाब, बोटातून रक्ताची साखर, ईसीजी. कोणती गोळी घेतली हे नंतर. ईसीजीवर लाटा रुंद झाल्या असतील तर नैराश्यावरच्या जुन्या गोळ्यांचा संशय घेऊन सोडाबायकार्ब देतात. बाहुल्या टाचणीएवढ्या आणि श्वास मंद असेल तर अफूवर्गीय औषध. त्यावर नॅलोक्झोन टोचले की माणूस मिनिटांत डोळे उघडतो. चमत्कारच वाटतो. पण नॅलोक्झोनचा अंमल तास-दीड तासात उतरतो आणि मूळ औषध अजून अंगात असते, म्हणून ‘उठला, बोलला, नेतो’ म्हणणाऱ्यांना इथेही थांबवावे लागते. रक्तदाबाच्या गोळ्या, विशेषतः अम्लोडिपीनसारख्या, फार जड जातात. त्यावर मोठ्या मात्रेत इन्सुलिन आणि सोबत ग्लुकोज देतात, हे ऐकून नवे डॉक्टरही दचकतात. हृदयाला ताकद देण्यासाठी त्याचा उपयोग होतो.

आणि एक खास आपल्या घरांतली गोष्ट: आजीच्या मधुमेहाच्या गोळ्या. नातवंड त्या गोळ्या चॉकलेट समजून तोंडात टाकते. ग्लिमेपिराइडसारखी एखादी गोळीसुद्धा लहान मुलाची साखर धोकादायक इतकी खाली नेऊ शकते, आणि तीही कित्येक तासांनी. ‘खेळतंय की’ म्हणून अशा मुलाला घरी ठेवू नये. चोवीस तास रुग्णालयात साखर तपासत राहावे लागते.

न कळत होणारी पॅरासिटामॉलची विषबाधाही याच घरांतली. तापासाठी ६५० ची गोळी, सर्दीसाठी दुकानातून आणलेली दुसरी, अंगदुखीसाठी तिसरी. नावे तीन, पण पाठीमागची बारीक अक्षरे वाचली तर तिन्हींत पॅरासिटामॉल. निरोगी प्रौढाने दिवसाला चार ग्रॅमच्या वर कधीच जाऊ नये. दारूची सवय, उपासमार, कमी वजन किंवा यकृताचा आजार असेल तर डॉक्टर त्याहून कमी सांगतात. लहान मुलांचा डोस वजनावर ठरतो, वयावर नव्हे, आणि स्वयंपाकघरातला चमचा हे माप नव्हे. अशा रुग्णाला आपण काही ‘घेतले’ आहे हेच ठाऊक नसते, त्यामुळे तो आठ तासांत येतच नाही.

मुलीच्या आईने वेळ चुकीची का सांगितली? भीतीने. पोलीस केस होईल, कॉलेजात कळेल, लग्नाच्या वेळी निघेल. रुग्णालय अशा रुग्णाची एमएलसी करते आणि चौकीला कळवते, हे खरे. पण त्यासाठी उपचार थांबत नाहीत. पोलिसांची वाट न पाहता आधी जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितले. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा. तो २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ११५ प्रमाणे, असे पाऊल उचललेली व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच धरले जाते आणि तिच्यावर खटला चालवायचा नसतो. तिची काळजी घेणे ही सरकारची जबाबदारी ठरते. जुन्या दंडसंहितेतले ३०९ कलम तर जुलै २०२४ मध्ये लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत घेतलेलेच नाही. हे कायदे होऊन गेले तरी आईच्या मनातली भीती जुनीच आहे, आणि तिच्यापायी डॉक्टरला खोटी वेळ सांगितली जाते.

ब्रिटनने या प्रश्नाला दुसऱ्या टोकाने हात घातला. सप्टेंबर १९९८ पासून तिथे किराणा दुकानात एका पाकिटात १६ आणि औषधाच्या दुकानात ३२ पेक्षा जास्त पॅरासिटामॉल गोळ्या विकायला बंदी आली. टीका झाली, की ज्याला घ्यायच्या आहेत तो दोन दुकानांत जाईल. ऑक्सफर्डच्या कीथ हॉटन यांच्या गटाने अकरा वर्षांचे आकडे तपासले तेव्हा पॅरासिटामॉलने होणारे मृत्यू ४३ टक्क्यांनी घटलेले दिसले. सुमारे ७६५ जीव वाचले असावेत असा त्यांचा अंदाज. बहुतेक लोक दुसऱ्या दुकानात गेलेच नाहीत. असा क्षण तीव्र असतो, पण फार टिकत नाही. त्या क्षणी हाताशी काय आणि किती आहे यावर खूप काही ठरते. आपल्याकडे पाकिटे १० किंवा १५ गोळ्यांचीच असतात, पण ‘लागतील कधी तरी’ म्हणून घरात चार-पाच पाकिटे साठलेली असतात. माझ्या मते फ्रिजवरचा तो औषधांचा डबा कुलपात जायला हवा.

त्या रात्री नॅकचा पहिला डोस साडेबाराला सुरू झाला, साडेसात तासांच्या ठोक्याला. रक्त काढून ठेवले होते; पातळीचा अहवाल सकाळी बाहेरच्या प्रयोगशाळेतून आला आणि तो रेषेच्या बराच वर होता. पहिल्या तासात मानेवर गांधी आल्या, सलाइन वीस मिनिटे थांबवले, पुन्हा सुरू केले. मामा पहाटेपर्यंत ‘घरी कधी?’ विचारत होते. सकाळी डॉक्टरने त्यांना अहवाल दाखवला, मग विचारायचे थांबले.

दुपारी मनोविकार विभागाची निवासी डॉक्टर आली. तिने आई-मामांना चहाला पाठवले आणि मुलीशी तासभर बोलली. तिने सरळ विचारले, ‘‘मरावंसं वाटत होतं का? आता वाटतं का?’’ असे विचारल्याने मनात विचार पेरला जातो हा गैरसमज आहे. विचारल्याने बहुधा मोकळे व्हायला वाव मिळतो. मुलगी आधी गप्प राहिली, मग खूप बोलली. पुढच्या आठवड्याची भेट ठरली. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर तिच्या मोबाइलमध्ये घातला. त्यावर चोवीस तास, मराठीतही, फुकट बोलता येते. कॅज्युअल्टीच्या फलकावर दुसरा एक नंबर होता, दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विषमाहिती केंद्राचा, १८०० ११६ ११७. तो डॉक्टरांप्रमाणे सामान्य माणसांनाही खुला आहे.

डॉक्टरने मामांना बाजूला घेतले. ‘‘काका, एक काम तुम्ही करायचं. घरी जा आणि घरातली सगळी औषधं घेऊन या.’’

रात्री साडेनऊला शेवटची बाटली संपली. यकृताची एन्झाइम आणि रक्त गोठण्याची तपासणी पुन्हा झाली, दोन्ही नॉर्मल. आई डब्यात मऊ भात घेऊन उभी होती, देऊ का म्हणून विचारत. मामा प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आले. नर्सने ती टेबलावर रिकामी केली. तापाच्या गोळ्यांची सहा पाकिटे, आजीच्या साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या, कुणाच्या तरी ऑपरेशननंतर उरलेल्या वेदनाशामक, दोन वर्षांपूर्वी मुदत संपलेले खोकल्याचे औषध. तिने आजीच्या गोळ्या वेगळ्या काढून मामांच्या हातात दिल्या, ‘‘या कुलपात ठेवा, रोज तुम्ही द्या,’’ म्हणाली, आणि उरलेल्या मोजायला बसली.